माझ्या आवाजातली फोनताई

४ ऑक्टोबर, सोमवार

माझ्या टेबलावर मेलेल्या माश्या! बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात काठोकाठ मधमाश्या, पाय वर केलेल्या. मधवाल्याने तो डबा थेट माझ्या की-बोर्डवर ठेवला आणि म्हणाला, "घ्या. तुमच्या सल्ल्याचं पीक."

हा माणूस पेट्या घेऊन फुलोऱ्यामागे गावोगाव फिरतो. कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. नदीकाठच्या सूर्यफुलांवर सगळ्यांनी भर फुलोऱ्यात, भर सकाळी औषध मारलं. त्याच्या निम्म्या पेट्या ओस पडल्या. का मारलं म्हणून विचारलं तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच— फोनताईने सांगितलं.

फोनताई म्हणजे मी. आमच्या शेती-सल्ला संस्थेच्या नंबरवर फोन लावायचा, आपला प्रश्न बोलायचा, आणि उत्तर माझ्या आवाजात ऐकायचं. वाचता येत नसलं तरी चालतं, जुनापुराणा बटणांचा फोन असला तरी चालतं. कान असले की झालं. ज्यांच्या वीतभर जमिनीकडे कुठला साहेब फिरकत नाही त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि मी म्हणे फुलोऱ्यात सकाळी फवारा मारायला सांगितलं!

"शक्यच नाही," मी म्हटलं. त्याने वाद घातला नाही. फोन लावला, प्रश्न सांगितला, स्पीकर सुरू केला.

"सकाळच्या वेळी फवारणी करून घ्या, बरं का दादा. काही काळजी करू नका."

माझा आवाज. माझं 'बरं का'. श्वास घेण्याची जागासुद्धा माझी. आणि ते वाक्य मी जन्मात बोलले नाही.

५ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या तारवाल्याला (कॉम्प्युटर, फोन, वायरी, सगळं तोच बघतो) कॅन्टीनमध्ये गाठलं. टक्कल पुसत बसला. मग हळूहळू ओकला. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगांवरून यंत्र माझा आवाज शिकलंय. उत्तरंही आता तेच रचतं. उन्हाळ्यापासून!

मला तेव्हा काय सांगितलं होतं? 'ताई, तुमची रेकॉर्डिंग भरपूर साठलीत, आता यंत्र त्यातूनच उत्तर शोधून लावील, तुम्ही जरा पुस्तिकांचं काम बघा.' आणि मी बावळट— पुस्तिका बघत बसले.

"मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं प्रमुखांनी सांगितलं असेल."

प्रमुखांना वाटलं असेल तारवाल्याने सांगितलं. दोघांना नुसतं वाटत राहिलं आणि तिकडे ती बया बोलत राहिली!

घरी आले ती धुमसतच. ह्यांना गॅरेजमधून यायला उशीर होता. सासूबाई भाजी निवडत होत्या. माझा चेहरा बघितला आणि नेहमीप्रमाणे भिंतीला म्हणाल्या, "ऑफिसचा राग ऑफिसात ठेवून यावा माणसाने." लग्न झाल्यापासून आमचं असंच. त्या भिंतीशी बोलतात, मी ऐकायचं. मी भांड्यांशी बोलते, त्यांनी ऐकायचं. मध्ये हे बिचारे टपालखातं.

आज भांडी जरा जास्तच बोलली.

६ ऑक्टोबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात बसले आणि स्वतःला फोन लावला.

विचित्र वाटलं. आधी सरळ प्रश्न विचारले— टोमॅटोची पानं वळतात, काकडी कडू होते. बरी उत्तरं दिली. खोटं कशाला बोलू, काही तर माझ्यापेक्षा नेटकी. मग समोरच्या खिडकीच्या काचेकडे बघता बघता एक किडाच तयार केला.

"ताई, माझ्या वांग्यांवर काचकिडा पडलाय."

तिकडून क्षणाचाही विलंब नाही! "काचकिडा रस शोषतो. पानं चकाकायला लागली की ओळखावं. चुन्याची निवळी शिंपडा, बरं का. काही काळजी करू नका."

काचकिडा! जगात कुठे नाही. जिन्यात बसल्या बसल्या मी जन्माला घातलेला. आणि माझ्याच आवाजात त्याच्यावर उपाय!

मी असते तर काय म्हणाले असते? 'माहीत नाही बाई. पान घेऊन ये. नाहीतर थांब, विचारून सांगते.' माझी अर्धी नोकरी 'माहीत नाही' म्हणण्यात गेली. मग जुन्या प्राध्यापकांना फोन, कुणाच्या तरी शेतात चक्कर, शेजारच्या गावात तोच रोग ज्याने परतवला त्याला गाठणं. माहिती त्यातून यायची. हिला कधी काही माहीत नाही असं होतच नाही. रोग सूर्यफुलाला नव्हता, इथे होता.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रमुखांची केबिन. एसी इतका की बोटं गार. तारवाला कोपऱ्यात.

मी माश्यांचा डबा टेबलावर ठेवला. उघडाच.

प्रमुख वाईट माणूस नाहीत, हेच तर अवघड आहे. डब्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, ही चूक दुरुस्त करू, फुलोऱ्याचा नियम यंत्रात घालू. पण आवाज बंद? तो कसा करणार? "तुम्ही एकट्या उत्तरं द्यायचात तेव्हा लोकांना दोन-दोन दिवस थांबायला लागायचं. कीड थांबते का दोन दिवस? किती जणांचे फोन तर घेतलेच जायचे नाहीत. आता प्रत्येकाला त्याच मिनिटाला उत्तर मिळतं. हे तुम्हाला नकोय?"

लागलं ते मला. खरंच होतं. किती तरी प्रश्न माझ्याकडून राहून जायचे, पीक गेल्यावर उत्तर पोचायचं.

"उत्तर हवंय," मी म्हटलं. "पण ते यंत्राने यंत्राच्या आवाजात द्यावं. आणि जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणावं."

"लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे, ताई."

"म्हणूनच म्हणते!"

मग गोड बोलणं संपलं. करारपत्र निघालं. रेकॉर्डिंगवर संस्थेचा पूर्ण हक्क. "कायद्याने तो आवाज संस्थेचा आहे."

"आवाज तुमचा असेल. घसा माझा आहे. आणि तो मी आता वापरणार आहे."

बाहेर आले. बोलले! बरं वाटलं.

डबा तिथेच ठेवून आले. असू दे त्यांच्याकडे.

१० ऑक्टोबर, रविवार

भल्या पहाटे बाजारात जाऊन उभी राहिले. ज्याला त्याला सांगत सुटले— फोनताई मी, पण हल्ली फोनवर बोलते ती मी नव्हे.

फजिती! कुणाचा विश्वास बसेना. एक भाजीवाली, हातात कोथिंबिरीची जुडी, मला नखशिखान्त न्याहाळत म्हणाली, "तुम्ही नाही फोनताई. ती किती गोड बोलते. तुम्ही खेकसता."

"अहो, मी खेकसतच होते पहिल्यापासून!"

"ती नाही खेकसत. सगळं ऐकून घेते. दुपारी मी तर कधी कधी नुसतीच बोलते तिच्याशी. पोरं लांब, मालक गप्प. फोनताई म्हणते, हो का, मग काय झालं?"

हे मला माहीत नव्हतं. मी कधी कुणाला 'मग काय झालं' म्हटलंय? मागे फोनांची रांग असायची. 'मुद्द्याचं बोला' म्हणायचे मी.

कोथिंबीर घेऊन परत आले. स्वतःच्याच आवाजापुढे हरलेली बाई!

११ ऑक्टोबर, सोमवार

हे म्हणाले, "जाऊ दे ना. कुणाकुणाशी भांडणार?"

जाऊ देणार नाही.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

सुचलं! भांडी घासता घासता सुचलं. सांगून पटत नसेल तर त्यांचं त्यांनाच कळू दे.

माझ्या स्वतःच्या फोनवर एक निरोप बोलून ठेवला. एकाच दमात. खेकसत.

"मी फोनताई. खरी. माझं खरं वाटत नसेल तर नका मानू. फक्त एक करा. नंबर लावा आणि सांगा, माझ्या पिकावर काचकिडा पडलाय. पीक कुठलंही सांगा. काचकिडा नावाचा किडा जगात नाही, तो मी बनवलाय, तेव्हा शेतात काही करू नका. नुसतं ऐका ती काय सांगते. मग शेजाऱ्याला काय सांगितलं ते विचारा. आणि फुलोऱ्यात फवारू नका! फारच गरज पडली तर माश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी, तेही आधी कुणा जाणत्याला विचारून."

मधवाल्याला पाठवला. दूधसंकलनवाल्याला पाठवला. त्या भाजीवालीला पाठवला. ह्यांच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या झाडून सगळ्यांना ह्यांनीच पाठवला! 'जाऊ दे' म्हणणाऱ्या ह्यांनी! मी विचारलं तर म्हणाले, "आता भांडतेच आहेस तर नीट भांड."

१४ ऑक्टोबर, गुरुवार

फोन खाली ठेवायला सवड नाही!

एकाला चुना, दुसऱ्याला राख, तिसऱ्याला साबणाचं पाणी. एकाला सांगितलं काचकिडा फक्त पावसाळ्यात येतो, त्याच्या सख्ख्या भावाला सांगितलं फक्त उन्हात. एका मिश्किलाने विचारलं, माझ्या म्हशीला काचकिडा झालाय. म्हशीला आंघोळ घाला, बरं का!

चावडीवर, पारावर, पाण्याच्या टाकीजवळ लोक स्पीकर लावून ऐकताहेत आणि पोट धरून हसताहेत. भाजीवालीने उलट निरोप पाठवला— "खेकसणारी खरी हो, बाई."

उभ्या आयुष्यात इतकं मोठं कौतुक कुणी केलं नसेल.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. सकाळी एका बाईचा फोन, रडकुंडीला आलेली. "खरंच आलाय हो काचकिडा. पानं चकाकतात."

निरोपातलं 'काचकिडा पडलाय' तेवढं तिच्या कानावर गेलं होतं, 'नाही' गेलंच नव्हतं; पानं चकाकतात हे त्या यंत्राने तिला सांगितलं. निरोप हातोहात जातो तेव्हा त्याचे तुकडे पडतात. जे यंत्राचं झालं तेच माझं! सरळ बस पकडून तिच्या वांग्यांत गेले. पानांवर मावा, आणि माव्याची चिकट साखर उन्हात चकाकत होती. तिने अजून काही फवारलं नव्हतं, नशीब. दोघींनी मिळून खराब शेंडे खुडले, पानं पाण्याने धुतली.

निघताना म्हणाली, "म्हणजे काचकिडा आहेच की. तुम्ही त्याला मावा म्हणता."

परत निरोप बोलले. या वेळी सावकाश, शब्द सुटे करून, दोन-दोनदा.

१८ ऑक्टोबर, सोमवार

निलंबन. 'संस्थेच्या प्रतिमेस हानी.' प्रमुखांनी डोळ्याला डोळा भिडवला नाही. शिपाई ओळखपत्र मागायला आला तेव्हा तोच ओशाळला.

मी ड्रॉवर आवरला. कंगवा, हँडलोशन, बियांच्या पुड्या. रेकॉर्डिंगच्या खोलीत डोकावले— भिंतीला लावलेलं ते राखाडी स्पंज, माझं उंच स्टूल. ती खोली मी किती बोलून भरली होती! आता तिथे प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे. बोलणारीला खोली लागतच नाही ना हल्ली.

जिन्यात तारवाला भेटला. इकडे तिकडे बघून पुटपुटला, "कालपासून लोक फोन लावतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, तू खरी का? ती म्हणते, हो, मी तुमची फोनताई. असं म्हटलं की लोक शिव्या घालून फोन ठेवून देतात. साहेबांना मी आकडे दाखवले. मीही सांगितलं, बंद करा."

"आधी का नाही सांगितलंत?"

"आधी भीती वाटली."

मला त्याचा राग आला नाही. मलाही वाटलीच की.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

घरी बसून अंगाला मुंग्या येतात. सासूबाई भिंतीला म्हणाल्या, "दिवसभर घरात माणूस असलं की घर लहान वाटतं." मी पातेल्याला म्हटलं, "घर आहे तेवढंच आहे."

दुपारी मधवाल्याबरोबर नदीकाठी गेले. उरलेल्या पेट्या टेकाडामागे हलवल्या होत्या. मला जाळीची टोपी दिली. एक पेटी उघडून दाखवली— राणी जगलीय. तो तिच्याकडे ज्या नजरेने बघत होता त्या नजरेने आमच्यात नवरे बायकांकडे बघत नाहीत.

सूर्यफूलवाले दोघे-तिघे आले. मान खाली. त्यांनाही कळलंय, माश्या नाहीत तर दाणा भरत नाही. फुलांची तोंडं पोचट राहिलीत. म्हणजे नुकसान त्याचं एकट्याचं झालेलं नाही. एक जण म्हणाला, "ताई, फवारायच्या आधी याला कळवायचं, असं काही करता येईल का? फोनवरच?"

येईल की! बसल्या जागी ठरलं. फवारणी करणाऱ्याने आदल्या दिवशी एक निरोप टाकायचा. मधवाला पेट्या बंद ठेवील किंवा हलवील. साधा फोनांचा गट. संस्था नको, यंत्र नको, करारपत्र नको.

गटाचं नाव ठेवलंय— काचकिडा.

२५ ऑक्टोबर, सोमवार

बोलावणं आलं. केबिनमध्ये प्रमुख, आणि ज्यांच्या पैशावर संस्था चालते त्यांच्याकडच्या एक बाई. केस आखूड, हातात वही नाही, सरळ मला विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

मी घरून पाठ करून गेले होते. ऐन वेळी पाठ केलेलं सगळं उडालं. जे आलं ते बोलले.

यंत्र राहू दे. यंत्राशी माझं वैर नाही. पण त्याने पहिल्याच वाक्यात सांगावं, मी यंत्र आहे. माझा आवाज काढून घ्या, सगळीकडून. जे पक्कं तपासलंय तेवढंच त्याने बोलावं. बाकीचे प्रश्न माणसांकडे यावेत. आणि ती माणसं ऑफिसातच बसलेली असायला हवीत असं नाही— सूर्यफुलाचं सूर्यफूलवाला सांगेल, माश्यांचं मधवाला, वांग्याचं वांगीवाली. आम्ही ऐकून, तपासून पुढे पाठवू.

"आणि उत्तर कुणालाच माहीत नसेल तर?" बाईंनी विचारलं.

"तर तसं सांगायचं. लोक मोठे आहेत. त्यांना झेपतं."

प्रमुख उठले. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाईच म्हणाल्या, "करू या."

२६ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! दुपारी तारवाल्याने माझ्यासमोर कळ दाबली. मी नंबर लावला. "नमस्कार. हे यंत्र बोलत आहे." सपाट, पुरुषी, कपाटातून आल्यासारखा आवाज. कानाला अमृत!

प्रमुख जाता जाता दारात थबकले. "तुमचं बरोबर होतं ताई. पण लोक कमी फोन करतील आता."

"करू देत कमी. खरे करतील."

परत रुजू. रेकॉर्डिंगच्या खोलीतून कागदाचे गठ्ठे मी स्वतः बाहेर काढले. स्टूलवर बसले. पहिलंच वाक्य बोलायला तोंड उघडलं. तीनदा खाकरले. मग— मुद्द्याचं बोलले.

येताना ह्यांनी स्कूटर बाजारावरून घेतली. भाजीवालीने भलीमोठी जुडी हातात कोंबली, म्हणाली, "आता खेकसा पोटभर." मी इतकी हसले की रस्त्यातली माणसं बघायला लागली.

जिंकले. लिहून ठेवते. कुणी काही म्हणो. जिंकले!

३१ ऑक्टोबर, रविवार

हे सकाळीच गॅरेजला गेले. मी चहा टाकला. सासूबाई स्वयंपाकघरात येऊन बसल्या. भिंतीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"फोनवर आता तो पुरुष कोण येतो?"

मला समजेना. परसातल्या भोपळ्यासाठी त्यांनी कधीतरी नंबर लावला असेल, एवढंच वाटलं.

"तू ऑफिसात गेलीस की दुपारी मी लावायचे. घरात तुला कुठे वेळ. तिथे बसून किती नीट बोलायचीस माझ्याशी." पदराने उगाच टेबल पुसलं. "मी ते सगळं सांगितलं, त्या दिवशी. रडले. तू म्हणालीस, आई, मी तुम्हाला माफ केलंय, मनात काही ठेवू नका. तेव्हापासून मला झोप लागते. त्या पुरुषाला कसं विचारू— म्हणून तुलाच विचारते. खरंच केलंस ना?"

कशाबद्दल, मला माहीत नाही.

चहा उतू गेला. गॅस बंद केला.

"हो," मी म्हटलं.